वस्तऱ्याची धार : धोकटींतून प्रयोगशाळेंत

सूक्ष्मदर्शक यंत्राचा इतिहास सांगतांना बहुतेक ग्रंथकार भिंगांचा इतिहास सांगतात. भिंग कोणीं घासलें, दोन भिंगें एका नळींत कोणीं बसविलीं, चित्राभोंवतीं दिसणारी रंगांची झालर कोणीं घालविली, यांचीं वर्णनें विपुल आढळतात. परंतु भिंगाखालीं ठेवावयाची वस्तु कोणीं, कशानें आणि किती पातळ कापली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक भिंग कितीहि उत्तम असलें, तरी त्याखालच्या पदार्थांतून उजेड आरपार गेल्यावांचून त्याची अंतर्रचना दिसत नाहीं. झाडाचें खोड असो, यकृताचा तुकडा असो, किंवा रोग्याच्या अंगांतून काढलेली गांठ असो, तिचा कागदाहून कितीतरी पातळ काप निघाला पाहिजे. तो फाटतां कामा नये, चुरगळतां कामा नये, त्यावर ओरखडा उमटतां कामा नये. हें सारें धारेचें काम आहे. आणि ही धार शास्त्रज्ञांनीं प्रथम उसनी घेतली ती न्हाव्याच्या धोकटींतून.

न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघायचे, अशी म्हण आहे. त्याच न्हाव्याची धोकटी उकरली असतां आधुनिक जीवशास्त्राचें एक मुख्य हत्यार हातीं लागतें, ही गोष्ट मात्र म्हण रचणाराच्या ध्यानींमनीं नसावी.

या कथेचा आरंभ १६६५ सालीं होतो. त्या वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटींत प्रयोग करून दाखविण्याचें काम करणारा रॉबर्ट हुक यानें ‘मायक्रोग्राफिया’ हा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. त्यांत त्यानें पहिलें निरीक्षण सुईच्या अग्राचें केलें आहे आणि दुसरें निरीक्षण वस्तऱ्याच्या धारेचें. नुसत्या डोळ्यांना जी धार रेषेसारखी दिसते, जिच्यावर बोट ठेवण्यास मनुष्य कचरतो, ती भिंगाखालीं जाड, ओबडधोबड आणि दगडाच्या ओरखड्यांनीं भरलेली अशी त्याला दिसली. पूर्ण तीक्ष्ण अशी धार जगांत नाहींच. डोळ्याला जें दिसत नाहीं त्यालाच मनुष्य तीक्ष्ण म्हणतो, हा धडा त्या एका निरीक्षणांत होता. पुढें त्याच ग्रंथांत हुकनें वस्तऱ्यासारखी धार लावलेल्या चाकूनें बुचाचा पातळ काप काढला, आणि त्यांत त्याला मधाच्या पोळ्यांतल्यासारखीं लहान लहान घरें दिसलीं. त्या घरांना त्यानें जें नांव दिलें, तेंच आज पेशी या अर्थीं इंग्रजींत रूढ आहे. म्हणजे पेशीचा शोध जितका भिंगानें लावला, तितकाच चाकूच्या धारेनें लावला.

हुकच्याच काळांत हॉलंडांतील डेल्फ्ट गांवीं आंटोनी व्हान लेव्हेनहूक नांवाचा कापडाचा व्यापारी फावल्या वेळीं स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगांतून जग न्याहाळीत असे. त्यानें १६७४ सालीं रॉयल सोसायटीला लिहिलेल्या एका पत्रासोबत कागदाच्या लहान पुड्यांत कांहीं काप पाठविले : बुचाचे, एल्डर झाडाच्या भेंडाचे, आणि बैलाच्या दृष्टिमज्जेचे. हे काप वस्तऱ्यानें काढलेले होते. त्या पुड्या सोसायटीच्या दप्तरांत पडून राहिल्या, आणि तीन शतकें लोटल्यावर १९८१ सालीं ब्रायन फोर्ड या इंग्रज संशोधकाला त्या सांपडल्या. आधुनिक सूक्ष्मदर्शकाखालीं ते काप पाहिल्यावर आढळलें, कीं केवळ हातानें व केवळ वस्तऱ्यानें त्या व्यापाऱ्यानें केलेलें काम आजच्या अभ्यासकालाहि मान डोलवावयास लावील.

न्हावी आणि शरीरशास्त्र यांचा हा संबंध त्या काळच्या युरोपांत कोणाला चमत्कारिक वाटला नसता. लंडनमध्यें न्हावी व शस्त्रवैद्य यांची १५४० पासून एकच संयुक्त संस्था होती. दाढी, रक्तमोक्ष आणि गळूं कापणें हीं कामें एकाच प्रकारच्या दुकानांत चालत. १७४५ सालीं शस्त्रवैद्य आपली प्रतिष्ठा सांभाळीत निराळे झाले आणि न्हावी मागें राहिले. माणसें अशीं वेगळीं झालीं. हत्यार मात्र वेगळें झालें नाहीं. पुढें दीडशें वर्षें शास्त्रज्ञाच्या टेबलावर वस्तराच होता.

हा वस्तरा चांगला व्हावयाचा, तर आधीं पोलाद चांगलें पाहिजे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत जें पोलाद मिळे तें एकजिनसी नसे. लोखंडाच्या कांबी कोळशांत पुष्कळ दिवस तापवून तें तयार करीत. त्यामुळें कांबीच्या वरच्या थरांत कोळशाचा अंश अधिक आणि पोटांत कमी अशी स्थिति राही. अशा पोलादाच्या धारेंत एक ठिकाण कठीण तर शेजारचें मऊ. डाँकास्टर येथील घड्याळजी बेंजामिन हंट्समन याला घड्याळाच्या कमानींसाठीं यापेक्षां चांगलें पोलाद हवें होतें. त्यानें शेफील्डजवळ १७४० नंतरच्या दशकांत तें पोलाद मातीच्या मुशींत घालून पूर्ण वितळविण्याची युक्ति साधली. वितळल्यामुळें तें एकजीव झालें, आणि शेफील्डच्या वस्तऱ्यांची कीर्ति जगभर पसरली.

मुशींत पोलाद गाळण्याची विद्या इंग्लंडांत नवी असली तरी हिंदुस्थानांत ती फार जुनी होती. दक्षिणेंतल्या भट्ट्यांत तयार होणाऱ्या या पोलादाला युरोपीय लोक ‘वूट्झ’ म्हणत. मुंबईस राहणारे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं १७९४ सालीं या पोलादाचे नमुने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. त्यांचें परीक्षण करून जॉर्ज पिअर्सन यानें १७९५ सालीं सोसायटीपुढें निबंध वाचला. त्या निबंधाच्या मथळ्यांत हें पोलाद मुंबईसच तयार होतें असें छापलें गेलें. मुंबई हें केवळ पाठविणाराचें ठिकाण होतें; परंतु दूरच्या मालाला बंदराचें नांव चिकटतें, तसें येथें झालें. लंडनचा हत्यारें करणारा कारागीर जेम्स स्टोडार्ट याला तें इतकें पसंत पडलें, कीं युरोपांतील उत्तम पोलादापेक्षां हिंदुस्थानचें हें पोलाद आपण अधिक मानतों, असें त्यानें आपल्या दुकानाच्या पत्रिकेवर छापून टाकलें. शस्त्रवैद्याचीं हत्यारें आणि वस्तरे हाच त्याचा मुख्य माल होता.

याच स्टोडार्टबरोबर एका लोहाराच्या मुलानें पोलादावर प्रयोग केले. तो मुलगा म्हणजे मायकेल फॅरडे. विजेच्या शोधांमुळें त्याचें नांव अजरामर झालें; पण त्या आधीं, १८२० आणि १८२२ सालीं, या दोघांनीं पोलादाच्या मिश्रणांवर निबंध प्रसिद्ध केले. रुपें, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातु अल्प प्रमाणांत पोलादांत मिसळून पाहिले, आणि अशा कांहीं पोलादाचे वस्तरे करून फॅरडेनें आपल्या मित्रांना भेट दिले. वस्तरा हीच पोलादाची खरी कसोटी, असें त्यांस वाटलें असल्यास नवल नाहीं. गालाची त्वचा खोटी साक्ष देत नाहीं. फॅरडेनें जपून ठेवलेल्या नमुन्यांचें पृथक्करण सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनीं शंभराहून अधिक वर्षांनीं केलें, आणि १९३१ सालीं त्याचा वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला.

पोलाद सुधारलें, तरी हात हा हातच. वस्तरा कितीहि चांगला असला तरी हातानें सारख्या जाडीचे काप एकामागून एक काढणें फार कठीण. म्हणून यंत्राची जरूर भासूं लागली. जॉन हिल याच्या १७७० सालच्या लांकडाच्या रचनेवरील ग्रंथांत अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें केलेल्या अशा एका कापणाऱ्या यंत्राचें वर्णन आहे. ‘मायक्रोटोम’ हें नांव १८३९ सालीं पॅरिसच्या शेव्हालियेनें दिलें. मराठींत त्याला सूक्ष्मछेदक यंत्र म्हणतां येईल. तथापि बहुतेक अभ्यासक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हातानेंच काम करीत. वस्तु भेंडाच्या दोन तुकड्यांमध्यें चिमटून धरावयाची, वस्तऱ्याचें पातें मद्यार्कानें ओलें करावयाचें, आणि श्वास रोखून तें आपल्याकडे ओढावयाचें, अशी ती रीत होती.

नंतरच्या वीस वर्षांत सारें झपाट्यानें बदललें. बाझल येथें विल्हेल्म हिस यानें १८६६ च्या सुमारास गर्भाच्या अभ्यासासाठीं यंत्र तयार केलें. एडविन क्लेब्स यानें १८६९ सालीं मऊ पदार्थ पॅराफिन मेणांत बसविण्याची रीत सुचविली. मेण मुरल्यामुळें लोण्यासारखा मऊ मेंदूहि साबणाच्या वडीसारखा कापतां येऊं लागला. केंब्रिज येथें कॉल्डवेल व थ्रेलफॉल यांनीं १८८३ च्या सुमारास असें स्वयंचलित यंत्र केलें, कीं मेणांतले काप कडेला कडा चिकटून फितीसारखे बाहेर पडूं लागले. सबंध गर्भ पहिल्या कापापासून शेवटच्या कापापर्यंत क्रमानें कांचेवर मांडतां येऊं लागला. लगेच १८८५ सालीं केंब्रिजच्याच होरेस डार्विन यानें, म्हणजे उत्क्रांतिवादाचे प्रवर्तक चार्ल्स डार्विन यांच्या चिरंजीवानें, आपलें डुलणारें यंत्र बनविलें. रचना अगदीं साधी : पातें धार वर करून घट्ट बसविलेलें, मेणाची वडी एका डुलणाऱ्या दांड्याच्या टोंकाला, दांडा डुलला कीं वडी धारेवरून उतरे आणि प्रत्येक खेपेस केंसाच्या अंशाइतकी पुढें सरके. या यंत्रांत सुरुवातीला बसविलेलें पातें कोणतें, तर न्हाव्याचा साधा वस्तरा. पुढें या यंत्रासाठीं जी मूठ असलेली लहान सुरी प्रचारांत आली तिला ‘हायफर’ सुरी म्हणत. आणि हायफर हें शेफील्डच्या वस्तऱ्यांवर कोरलेलें नांव होतें.

येथपर्यंत वस्तरा आणि प्रयोगशाळेची सुरी हीं सख्खीं भावंडें होतीं. यंत्रें जशीं मोठीं व वजनदार झालीं, तशी सुरी मात्र वस्तऱ्यापासून दूर गेली. ती लांब झाली, पाठीला जाड झाली, आणि मुख्य म्हणजे तिच्या धारेचा कोन बदलला. ही कोनाची गोष्ट नीट समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळणार नाहीं.

वस्तरा धारेच्या दगडावर आडवा ठेवला, कीं त्याची पाठ आणि त्याची धार हीं दोन्ही दगडाला टेकतात. म्हणून धारेचा कोन न्हाव्याच्या मर्जीवर नसतो. तो पाठीच्या जाडीनें व पात्याच्या रुंदीनें ठरलेला असतो. समजा, पाठ ५ मिलिमीटर जाड आहे आणि पातें २० मिलिमीटर रुंद आहे. तर हिशेबानें कोन सुमारें १४ अंश येतो. दाढीचे वस्तरे साधारणतः १४ ते २० अंशांच्या दरम्यान असतात. केंस बारीक, लवचिक आणि एका टोंकाला मोकळा. त्याला कापण्यास असा निमुळता कोन हवा.

मेणाच्या वडीची गोष्ट निराळी. ती घट्ट असते, सबंध रुंदीनें धारेवर आदळते, आणि धार फार निमुळती असली तर ती लवते, थरथरते. परिणामीं एक काप जाड तर दुसरा पातळ निघतो. म्हणून यंत्राच्या सुरीचा कोन २७ ते ३२ अंशांच्या आसपास ठेवतात. तो साधण्याकरितां एक सोपी युक्ति आहे. सुरीच्या पाठीवर लांबीनें चिरलेली एक पोलादी नळी चढवितात. त्यामुळें पाठ कृत्रिम रीतीनें जाड होते, आणि दगडावर ठेवलेली सुरी अधिक तिरपी उभी राहते. समजा, सुरी ३० मिलिमीटर रुंद आहे आणि नळीसकट पाठ १५ मिलिमीटर जाड झाली. तर कोन २८ अंश येतो. एका सुरीची नळी दुसऱ्या सुरीला चालत नाहीं, कारण नळी बदलली कीं कोन बदलतो आणि आधीं केलेली सारी मेहनत वायां जाते. म्हणून शहाणा मनुष्य सुरी व तिची नळी यांची ताटातूट कधींच होऊं देत नसे.

धार लावण्याचें हें काम प्रयोगशाळेंत फार महत्त्वाचें आणि फार कंटाळवाणें असे. प्रथम धार सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाची. हुकनें १६६५ सालीं जें केलें तेंच. कोठें दांता पडलेला दिसला, तर तो नाहींसा होईपर्यंत सबंध धार खालीं न्यावयाची. एका दांत्यासाठीं सगळी सुरी घासली जाई, आणि त्यांत तासच्या तास जात. सुरी दगडावर धार पुढें करून, टांचेपासून टोंकाकडे तिरपी ढकलावयाची. शेवटीं पाठीवर उलटून परत आणावयाची. दोन्ही बाजूंना फेरे सारखे, आणि हाताचा दाब अगदीं हलका. भरड दगडानंतर बारीक दगड. बेल्जममधील आर्देन डोंगरांतला पिवळा दगड यासाठीं नांवाजलेला होता. त्याच्यांत गार्नेट नांवाच्या कठीण खनिजाचे असंख्य सूक्ष्म कण असतात आणि तेच पोलाद खातात. पुढें कांहीं ठिकाणीं दगडाऐवजीं जाड कांचेच्या पाटावर ॲल्युमिनाची पूड पसरून तीवर सुऱ्या घासूं लागले. दगडावरून काढलेल्या धारेला केंसाहून बारीक अशी वांकडी कोर राहते. ती चामड्याच्या पट्ट्यावर सरळ करावयाची. पण येथें सुरी उलट दिशेनें, म्हणजे पाठ पुढें व धार मागें ठेवून ओढावयाची. दिशा चुकली तर पट्टा कापला जातो आणि धारहि जाते. न्हाव्याचा मुलगा जें आपल्या बापाजवळ बसून शिके, तेंच विद्यापीठाचा पदवीधर प्रयोगशाळेंतल्या जुन्या सहायकाजवळ उभा राहून शिके.

एवढ्या आटापिटाचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. पॅराफिन मेणांतला काप साधारणतः ४ ते ५ मायक्रॉन जाड घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे एका केंसाच्या जाडींत असे चौदा-पंधरा काप बसतील. धारेला सूक्ष्म दांता असेल तर प्रत्येक कापावर एक उभी चीर उमटते. रोग्याच्या गांठींतला हा काप पाहून ती गांठ साधी कीं कर्करोगाची, हें तज्ज्ञाला ठरवावयाचें असतें. पेशी आपली मर्यादा ओलांडून शेजारच्या जागेंत शिरल्या आहेत काय, हें ज्या रेषेवरून ओळखावयाचें, नेमकी तीच रेषा बोथट सुरीनें फाडली, तर उत्तम भिंग आणि उत्तम विद्वत्ता दोन्ही लटकीं पडतात. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील प्रयोगशाळा उभारणारे गोमंतकीय विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचें नांव महाराष्ट्रांत आदरानें घेतलें जातें. अशा प्रयोगशाळांत दिलेल्या निदानांच्या मागें धार लावणारे निनावी हात उभे असतात, हें मात्र क्वचितच कोणाच्या लक्षांत येतें.

इकडे प्रयोगशाळेंत सुरी जड होत असतां तिकडे न्हाव्याच्या दुकानांतला वस्तरा नाहींसा होऊं लागला. मनुष्यानें आपली दाढी आपणच निर्धास्तपणें करावी, यासाठीं पॅरिसचा सुऱ्या करणारा कारागीर झां-झाक पेरे यानें १७६९ सालीं पुस्तक लिहून पात्याला लांकडी कवच बसविण्याची कल्पना मांडली होती. तथापि क्रांति केली ती अमेरिकेंतील किंग कँप जिलेट यानें. धार गेली कीं लावावयाचीच नाहीं, पातें फेंकून द्यावयाचें, हा त्याचा विचार. परंतु कागदासारख्या पातळ पत्र्याला पाणी देऊन त्यावर धार आणणें हेंच मोठें संकट होतें, आणि तें विल्यम निकरसन या यंत्रज्ञानें निवारलें. १९०३ सालीं, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षीं, जिलेटचे ५१ वस्तरे आणि १६८ पातीं खपलीं. १९०४ सालीं त्याला एकाधिकार मिळाला. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैनिकांना हे वस्तरे लाखांनीं वांटले गेले, आणि लढाईवरून परतलेला शिपाई घरीं आल्यावरहि दुसरा वस्तरा मागेना.

फेंकून देण्याच्या पात्याची ही कल्पना पुढें प्रयोगशाळेंत शिरली. आरंभीं दाढीचींच पातीं खोबणींत अडकवून लोक काम चालवीत. नंतर यंत्रासाठीं मुद्दाम जाड व ताठ अशीं पातीं निघालीं. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत तीं सर्वत्र पसरलीं. जपानांतील सेकी हें गांव पूर्वी तलवारींसाठीं प्रसिद्ध. तेथें १९३२ सालीं ‘फेदर’ या दाढीच्या पात्यांच्या कारखान्याचा पाया घातला गेला, आणि तोच कारखाना आज दाढीचीं पातीं, शस्त्रक्रियेचीं पातीं आणि सूक्ष्मछेदक यंत्राचीं पातीं तिन्ही करतो. विजाणु सूक्ष्मदर्शक आल्यावर तर काप मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याहूनहि पातळ हवे झाले. तेथें पोलादाचें कांहीं चालेना. १९५० सालीं लाटा व हार्टमन यांनीं फोडलेल्या कांचेची ताजी कडाच सुरी म्हणून वापरली, आणि त्याच दशकांत व्हेनेझुएलाचा शास्त्रज्ञ फर्नांदेझ-मोरान यानें हिऱ्याची सुरी प्रचारांत आणली.

अशा रीतीनें दगड, कांचेचे पाट, पट्टे आणि जुन्या जड सुऱ्या अडगळींत गेल्या. परंतु चांगलें पोलाद फार काळ अडगळींत राहत नाहीं. युरोप-अमेरिकेंतील हौशी लोकांनीं या टाकून दिलेल्या सुऱ्या शोधून काढल्या आणि त्यांचे वस्तरे करण्यास प्रारंभ केला. जी वस्तु वस्तरा म्हणून प्रयोगशाळेंत गेली, तिची वंशज सुरी दाढीच्या आरशापुढें परत आली.

हें रूपांतर वाटतें तितकें सोपें नाहीं. यंत्राची सुरी जशीच्या तशी गालावर धरली तर ती केंस कापण्याऐवजीं ओढते; कारण २८ अंशांचा कोन दाढीला फार जाड. तो उतरविण्याची किल्ली त्या पाठीवरच्या नळींतच आहे. ३० मिलिमीटर रुंदीच्या त्याच सुरीची पाठ १५ ऐवजीं सुमारें साडेनऊ मिलिमीटर जाड ठेवली, तर कोन १८ अंश येतो. म्हणून जाणता मनुष्य मूळची जाड नळी काढून ठेवतो, पाठीला हवी तेवढीच जाडी देतो, आणि मग दगडावर नव्यानें उतार घासावयास बसतो. हें काम धीरानेंच करावें लागतें. घाईनें कोरड्या चाकावर सुरी धरली तर धार तापते. साध्या कर्ब-पोलादावर सुमारें २२० अंश सेंटिग्रेडला फिकट पिवळा रंग चढतो आणि ३०० अंशांच्या सुमारास तें निळें पडतें. निळा रंग दिसला, कीं पोलादाचें पाणी उतरलें असें समजावें. मग ती धार कितीहि घासली तरी टिकत नाहीं. म्हणून सुरी वारंवार पाण्यांत बुडवीत राहावें लागतें. त्यानंतर टोंकाचे कोपरे गोल करावयाचे, म्हणजे कानशिलाजवळ जखम होणार नाहीं, आणि मूठ अशी बसवावयाची कीं जड पात्याचा तोल बोटांत राहील. वजन हा या वस्तऱ्याचा दोष तसाच गुणहि आहे. हात दाबावा लागत नाहीं, पातें आपल्या भारानेंच उतरतें.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. या सुऱ्यांनीं कधींकाळीं रोग्यांचे अवयव कापलेले असतात. बहुतेक जंतु औषधांनीं व उष्णतेनें मरतात; परंतु क्रॉइट्झफेल्ट-याकोब नांवाच्या मेंदूच्या रोगाला कारण होणारें विकृत प्रथिन फॉर्मॅलिननें नष्ट होत नाहीं आणि साध्या उकळण्यानेंहि जात नाहीं. तेव्हां जिचा पूर्वेतिहास ठाऊक नाहीं अशी वापरलेली सुरी कपाटाची शोभा म्हणून ठेवावी. गालाशीं तिची सलगी करूं नये.

शेवटीं प्रश्न उरतो तो हुकचाच : धार जाते कशी? माणसाचा केंस पोलादापेक्षां सुमारें पन्नास पटींनीं मऊ आहे. मऊ वस्तूनें कठीण वस्तु झिजावी हें नवल पिढ्यान्‌पिढ्या लोक पाहत आले. १९२० मध्यें किंवा १९५० मध्यें त्याचें समाधानकारक उत्तर देण्याचें साधन नव्हतें. २०२० सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनीं विजाणु सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्यक्ष केंस कापून पाहिले. त्यांना आढळलें, कीं धार सावकाश गुळगुळीत होत जाऊन बोथट होते असें नाहीं; तिचे बारीक टवके उडतात. केंस पात्याला तिरपा भेटला, धारेच्या त्या ठिकाणीं आधींच सूक्ष्म खांच असली, आणि पोलादाची अंतर्रचना तेथें एकजिनसी नसली, म्हणजे हे तिन्ही योग जुळले, कीं मऊ केंस कठीण पोलादाचा टवका उडवितो. हंट्समननें मुशींत पोलाद वितळविलें तें या एकजिनसीपणासाठीं. आर्देनच्या दगडावर तासन्‌तास सुरी घासली जाई ती या खांचा मोडण्यासाठीं. आणि न्हावी केंस भिजवून, त्वचा ताणून, वस्तरा ठराविक तिरपेपणानें धरतो, तो केंसाची व धारेची गांठ योग्य कोनानें पडावी म्हणून. ज्या तीन गोष्टी शास्त्रानें २०२० सालीं मोजून सांगितल्या, त्या तिन्हींचा बंदोबस्त कारागिरांच्या हातांनीं फार पूर्वी करून ठेवला होता.

टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, असें दगडाविषयीं म्हणतात. पोलादाला मात्र त्याच दगडाचे घाव सोसून तेज येतें. हुकच्या बुचापासून कर्करोगाच्या निदानापर्यंत जें जें सूक्ष्म जग मनुष्यानें पाहिलें, त्याच्या दारावर भिंगाबरोबर वस्तऱ्याचाहि पहारा आहे. विद्वानांच्या मालिकेंत न्हाव्याचें नांव कोणी लिहिलें नाहीं. पण त्याची धार प्रत्येक पानांतून गेलेली आहे.